बाजूचा पत्रा लावून एक तास

कानो
सोमवार, दुपार

प्रिय गांबो,

‘प्रिय’ वाचून तू कागद उलटा करून पाहशील, दुसऱ्या कुणाचं पत्र तर हाती आलं नाही ना म्हणून. तुझंच आहे. एक्केचाळीस वर्षांत मी तुला पत्रेचोर म्हटलं, माकडतोंड्या म्हटलं, जुळ्यांच्या पाठीवर जन्मलास म्हणून ‘उरल्या पिठाचा गोळा’ म्हटलं, आणि ते तर मामीसुद्धा पदराआड हसून ऐकायची. प्रिय कधी म्हटलं नाही. आते-मामे भावांनी एकमेकांशी सरळ बोलायचं नाही हा आपल्याकडचा बापजाद्यांचा कायदा. मामा म्हणायचा, आतेभाऊ मामेभावाशी आदरानं बोलायला लागला की घरात कुणीतरी मेलं असं खुशाल समजावं. तो कायदा मी आज मोडतोय. तुझ्या तोंडावर मी जे जे खरं बोललो ते सगळं थट्टेत गेलं. त्यात तुझा काही दोष नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

शनिवारी हातगाडीवाल्याबरोबर तू परत पाठवलेलं निळं कॅबिनेट माझ्यापुढे टेबलावर आहे. आत एक कागद होता, त्याचं नंतर लिहितो. सकाळी दुकान उघडलंच नाही. माझा जुना मदरबोर्ड तुझ्या नऊ पितळी खुंट्यांवर बसवला, वायरी आवळल्या, बाजूचा पत्रा लावला, तुझी ती ट्रंकेची कडीसुद्धा घातली. प्रोसेसरला जिवाच्या आकांतानं पळवणारा तो प्रोग्राम दोन वाजून पाच मिनिटांनी सुरू केला. आता एक तास थांबायचं. तोवर मी लिहीत राहणार. हीच चाचणी मी ऑगस्टमध्ये केली होती आणि तिचा म्हणून जो आकडा मी छापला तो तुझ्या भट्टीवरच्या भिंतीवर सहा महिने टांगलेला होता. जानेवारीचा अख्खा महिना तू अंगणात चाळीस कॅबिनेटं मांडून चूक शोधत बसलास. ती चूक कुठे आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते आता सांगायचं आहे. बैल गेला अन् झोपा केला, असं तू म्हणशील, आणि ते बरोबरच आहे. किती उशीर झालाय ते शेवटी लिहीन, आधी लिहिलं तर पुढचं काही लिहून होणार नाही.

दहा मिनिटं झाली. एकाहत्तर अंश.

तुला आठवतं, मी हे कॅबिनेट पारखायचं खूळ घेतलं तेव्हा तू बाजारभर सांगत सुटला होतास की आमचा तांको आता रिकाम्या डब्यांचा काजी झालाय. पण घरी स्वतःच्या हातानं संगणक जोडणाऱ्या आपल्या पोरापोरींना त्या काजीची गरज होती. प्रोसेसर खिशात घालून येतो, मेमरी पाकिटातून येते. कॅबिनेट मात्र मोठं, आत सगळी हवा, आणि लागोसच्या बंदरातून इथवर त्या हवेचं भाडं भरायचं. एवढं करून आलेलं कॅबिनेट काचेचं आणि दिव्यांचं, समोरून ठार बंद. थंड देशातल्या माणसांनी थंड देशातल्या खोलीसाठी केलेलं. इथे ते एप्रिलात शिजतं आणि डिसेंबरात हरमॅटनचा वारा सुटला की वाळवंटाची सगळी धूळ पोटात घेऊन बसतं. म्हणून मी प्रत्येक कॅबिनेट दुकानात आणून त्याच्या कडांवरून बोट फिरवायचो, रक्त निघालं तर तसं लिहायचो. जाळी काढून धुता येते का ते बघायचो. आणि शेवटी बाजूचा पत्रा लावून एक तास. परदेशातले पारखी पत्रा काढून तापमान मोजतात आणि वाहवा लिहितात, त्यांना मी संगणक जोडणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर किती हसलोय! ‘नवरीला बुरखा काढून अंघोळ घातली आणि म्हणाले, हिला उकडत नाही,’ हे माझंच वाक्य. ग्रुपवरची माणसं मला दुसऱ्या कशासाठी नाही, त्या एका नियमासाठी मानायची.

जुलैच्या सुरुवातीला मामा गेला. तिसऱ्या दिवशी मी बैठकीत सगळ्यांसमोर म्हणालो, ‘गांबो, म्हातारा तुझ्या हातच्या ट्रंका बघून लाजेनं मेला,’ आणि तू रडता रडता इतका हसलास की मौलवीसाहेबांनीही हसू लपवायला तोंड फिरवलं. पण लाजेचं नाही तरी ट्रंकांचं दुःख मामाला होतंच. मुलं शाळेच्या वसतिगृहात जाताना चाकांची बॅग नेतात, नवऱ्या मुलीबरोबर पत्र्याची पेटी कुणी देत नाही. तो जाताना तुला म्हणाला होता की भट्टी विझव, दुसरं काहीतरी बघ. तू मामाचा चाळिसावा झाल्यावर माझ्या दुकानात आलास, उघडून ठेवलेल्या एका परदेशी कॅबिनेटभोवती दोन फेऱ्या मारल्यास आणि म्हणालास, ‘एवढं रे काय! ही तर ट्रंकच आहे, उभी केलेली. असली मी डोळे मिटून दहा करीन. पण माझ्या गुलामाला मापं तरी नीट देता येतील का?’ मी म्हणालो, ‘गुलाम तू. मापं घे आणि मालकाला चघळायला कोलाची बी आणून दे.’ कोण कुणाचा गुलाम हे ठरवायला आपण प्रत्येक ईदला बाजाराच्या मधोमध भांडलो आहोत, आणि दोघांपैकी कुणी कधी हार मानली नाही.

वीस मिनिटं. ऐंशी. पत्र्याला हात लावला. कोसाईची भजी तळायच्या कढईचा कान असतो तसा लागतोय, अजून धरता येतो.

आता तुझ्या कॅबिनेटची पारख लिहितो. खरी. सहा महिन्यांपूर्वी लिहायला हवी होती ती. कडा अशा की मी आजवर तपासलेल्या एकाही कॅबिनेटच्या नाहीत. तू प्रत्येक पत्रा दुमडून, पुन्हा दुमडून ठोकलास, लहान मूल आत हात घालील तरी ओरखडा येणार नाही. खुंट्यांची नऊ भोकं तू एका मेलेल्या बोर्डावर कागद ठेवून कोळशानं उमटवून घेतलीस आणि ती केसभरही हलली नाहीत. कडी-कोयंडा बघून ग्रुपवर सगळे हसले, मग ज्यांच्या घरात सहा भावंडं आणि एकच संगणक आहे त्यांनी हसणं थांबवलं. निळ्या रंगावर तो लाल झुलीचा घोडा, ट्रंकेवर काढायचास तसाच. तोही मला आवडला, जरी मी त्याला गाढव म्हटलं. हे सगळं खरं आहे.

पण तू ट्रंकवाला आहेस, गांबो, ट्रंकवाल्याचा मुलगा आहेस. ट्रंकेची इभ्रत ती आतून किती मिटते यात. मामा नव्या ट्रंकेत पेटता कंदील ठेवून झाकण लावायचा आणि बाहेरच्या अंधारात उजेडाची रेघ शोधायचा. रेघ दिसली की ट्रंक पुन्हा ऐरणीवर. तू कॅबिनेटही तसंच केलंस. धूळ आत जाता कामा नये, एवढं एकच तू मनात धरलंस. समोर बोटभर रुंदीच्या चार फटी ठेवल्यास, त्यांच्या मागे फेट्याचं कापड दुहेरी लावलंस, आणि ते सुटू नये म्हणून त्याच्या पट्ट्या चारी बाजूंनी डाग देऊन पक्क्या केल्यास. मागे पंख्याएवढं एकच भोक. धूळ खरंच जात नाही. पण हवाही जात नाही. आणि ते कापड धुवायला काढायचं तर छिन्नी लागते. ट्रंकेचं काम मिटण्याचं असतं, कॅबिनेटचं श्वास घेण्याचं. एवढंच. हात नाही चुकला. विचार एका जागी चुकला, आणि तो तुला कुणीतरी दाखवायला हवा होता. त्यासाठीच तू ते माझ्याकडे आणलं होतंस.

ऑगस्टातला तो शुक्रवार. पाऊस पडून हवा स्वच्छ, माझ्या दुकानाच्या दारात चिखल. तलातूवहिनीच्या लग्नातल्या लुगड्यात गुंडाळून तू ते खांद्यावरून आणलंस. मी म्हणालो, ‘कुणाचं प्रेत आणलंस?’ तू म्हणालास, ‘तुझ्या अकलेचं. मूठमाती द्यायला मालकाला यावं लागलं.’ मग तू बाकावर बसून शेंगदाणे खात राहिलास आणि मी चाचणी लावली. पत्रा लावून एक तास. एक्क्याण्णव अंश आले. तेही पावसाळ्यात, कोऱ्या कापडावर, धुळीचा कण नसताना. मी पत्रा काढला आणि पुन्हा मोजलं, नेमकं कुठे अडतंय ते कळावं म्हणून. अडुसष्ट. दोन्ही आकडे मी वहीत लिहिले. तोंडात शिवी तयार होती, गांबो. ‘तू कॅबिनेट नाही, भट्टी केलीस,’ असं म्हणणार होतो, आणि पाठोपाठ कात्री काढून समोरचा पत्रा कुठे कापायचा तेही दाखवणार होतो.

तेवढ्यात तू उठलास. दारापाशी गेलास. पाठमोरा उभा राहून, चिखलाकडे बघत तू म्हणालास, ‘तांको, थट्टा बाजूला. आज खरं सांग. हे बरं झालंय का? नसेल तर मी बाबाचं ऐकतो आणि भट्टी विझवतो.’ थट्टा बाजूला. उभ्या जन्मात हे शब्द आपल्यापैकी कुणी उच्चारले नव्हते. मी पार घाबरलो. तुझी ती पाठ मला बघवेना. मामाचा सदरा होता तुझ्या अंगावर, खांद्यावर ढगळ. आणि मी म्हणालो, ‘फार छान झालंय, गांबो. अल्लाची शपथ, फार छान.’ तू वळला नाहीस. नुसती मान हलवलीस आणि चिखलातून निघून गेलास. लुगडं माझ्याकडेच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर पारख लिहिली. अडुसष्ट अंश, लिहिलं. खाली माझं नेहमीचं वाक्य आपोआप छापून आलं: बाजूचा पत्रा लावून एक तास.

पस्तीस मिनिटं. एकोणनव्वद. पंख्याचा आवाज वाढलाय, सर्दी झालेल्या माणसासारखा घरघरतोय. ते दुहेरी कापड हरमॅटननं आता चिखलाच्या भिंतीसारखं केलंय.

एका खोट्यानं भागेल असं मला वाटलं होतं. चार-पाच कॅबिनेटं करशील, मग मी हळूच सुधारणा सुचवीन, तू करशील. पण ग्रुपवर चाळीस नावं आली. तेव्हा मी धावत तुझ्याकडे आलो होतो. तू भट्टीपाशी सात-आठ माणसांत उभा होतास. मी म्हणालो, ‘अरे थांब, तुझं कॅबिनेट म्हणजे चूल आहे, आत संगणक शिजतो!’ आणि तू हातातला हातोडा खाली ठेवून सगळ्यांना म्हणालास, ‘ऐका रे, ऐका! माझा गुलाम बोलतोय. चार बहिणींमागून जन्मला, त्यांच्या परकरात वाढला. याला चूल सोडून दुसरं काय दिसणार!’ सगळे खो खो हसले. मीही हसलो. हसणं भागच असतं, तोच तर कायदा. सप्टेंबरात पुन्हा सांगितलं, समोरचा पत्रा मोठा काप म्हणून. तू म्हणालास, ‘तुझ्या तोंडाएवढा कापू? मग अख्खं वाळवंट आत जाईल.’ ऑक्टोबरात तिसऱ्यांदा आलो तर माझं छापील कौतुक तू काच लावून टांगलेलं होतंस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतास, ‘हा माणूस मला रोज शिव्या देतो, पण एकदा खरं विचारलं तेव्हा खरं बोलला.’ ते ऐकून मी पाणी न पिता परत फिरलो. थट्टा बाजूला, गांबो, असं मलाही म्हणता आलं असतं. तीन शब्द. ते तू म्हणू शकलास, मला नाही जमले.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. डिसेंबरात उत्तरेचा वारा सुटला आणि पंधरा दिवसांत कापडं भरून गेली. पहिला सादू आला, झग्यांवरची नक्षी संगणकावर काढणारा. त्याचा बोर्ड जळला आणि सात महिन्यांच्या नक्ष्या गेल्या. जळका बोर्ड तो माझ्या बाकावर ठेवून गेला. मग एकामागून एक. आणि मला कुणी काही बोललं नाही! हेच मला अजून झोंबतं. ‘तांकोनं तपासलं ते नीट होतं, पत्रा लावून तपासलं होतं. म्हणजे गांबोनं पहिलं मन लावून केलं आणि पुढची चाळीस कशीतरी उरकली,’ असं ग्रुपवर ठरून गेलं. सादूनं मला सगळ्यांसमोर, मास्तरांना विचारावं तसं विचारलं, ‘तुम्ही तपासलेलं चांगलं होतं ना, मालम?’ मी लिहिलं, ‘ते ठीक होतं.’ तीन शब्द. ऑगस्टात मी तुझ्या मायेपोटी खोटं बोललो असं म्हणता येईल. जानेवारीतलं खोटं माझ्या नावासाठी होतं. त्या संध्याकाळी ग्रुपवर तुला चोर म्हणाले. पत्रेचोर नाही, नुसतं चोर. थट्टेत नाही.

तू एकालाही उलट बोलला नाहीस. चाळीसच्या चाळीस परत घेतलीस. ज्यांचे बोर्ड जळले त्यांच्या दारी स्वतः गेलास. आणि मग पहिलं कॅबिनेट, माझ्या पसंतीचं, माझ्या दुकानातून मागवून अंगणात ओट्यावर ठेवून बाकीची एकेक करून त्याच्याशी ताडून बघू लागलास. तलातू माझ्याकडे आली होती, तुला माहीत नाही. उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, ‘भाऊजी, हे दिवसभर दोरा आणि कंपास घेऊन बसतात. खुंटीपासून कडेपर्यंत मोजतात, मग पहिल्यावर मोजतात. कुठेच फरक नाही. तरी म्हणतात, असणारच, तांकोनं ते पास केलंय, म्हणजे त्यात काहीतरी होतं जे पुढे माझ्या हातून निसटलं. म्हणतात, बाबा गेल्यावर माझा हात गेला. भाकरीचा तुकडा मोडतानाही हाताकडे बघत राहतात. तुम्ही येऊन दोन शिव्या घाला ना त्यांना, तुमच्या शिव्यांनी बरं वाटतं त्यांना.’ मी येतो म्हणालो. आलो नाही. पुढच्या आठवड्यात ऐकलं की तू मामाचा भाता उतरवून ठेवलास आणि पिठाच्या गिरणीवर पोती उचलायला जायला लागलास. कॅबिनेटं गल्लीतल्या बायकांना वाटून टाकलीस. आमच्या हिनंही एक आणलं, चवळी ठेवायला. सांगायला लाज वाटते, पण एकही किडा लागला नाही.

आत्ता बंद पडलं.

अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. ‘टक’ असा बारीक आवाज झाला, पडदा काळा, पंखा थांबला. मी पेन खाली ठेवलं. पत्र्याला हात लावला आणि भाजला. आता पुन्हा लिहितो.

म्हणजे हे लेखी घे, माझ्या सहीनं. तुझ्या चाळीसांत आणि पहिल्यात दोऱ्याइतकाही फरक नाही. असू नयेत इतकी ती सारखी होती. तुझा हात एकदाही चुकला नाही, मामा असतानाही नाही आणि मामा गेल्यावरही नाही. पहिलंच बिघडलेलं होतं आणि ते मला ठाऊक होतं. समोरचा पत्रा चौकोनी कापायचा, कापड लाकडी चौकटीवर ताणून दोन चापांवर बसवायचं, दर जुम्म्याला काढून झटकायचं. दोन तासांचं काम होतं, शेंगदाणे संपायच्या आत झालं असतं. वहीचं ते पान फाडून सोबत जोडलंय. तारीख बघ, दोन्ही आकडे बघ. याची नक्कल मी आज ग्रुपवर टाकतोय, म्हणजे निदान ‘चोर’ हा शब्द योग्य घरी जाईल. याउपर माझी पारख कुणी वाचणार नाही आणि वाचूही नये. पण त्यानं तू भाता पुन्हा चढवशील असं मला वाटत नाही. तेवढा मी तुला ओळखतो. हात चुकला असता तर तू हात सुधारला असतास. इथे माणूस चुकला, आणि त्याला ऐरणीवर घेता येत नाही.

आता तो उशीर किती, ते. शुक्रवारी नमाजानंतर तू गर्दीतून माझ्याकडे येताना दिसलास. महिनाभरानं दिसत होतास, खांद्यावर पिठाचा पांढरा डाग. मी खुशीत येऊन शिवी जुळवत होतो, पिठावरून चांगली सुचलीही होती. तू समोर आलास, थोडा वाकलास, माझा हात दोन्ही हातांत घेतलास आणि म्हणालास, ‘सलाम आलेकुम. घरचे कसे आहेत? मुलं बरी आहेत ना? धंदा कसा काय? दमणुकीचं कसं?’ मी म्हणालो, ‘अल्हम्दुलिल्लाह, दमणूक गेली.’ परक्याला द्यायचं ते ठरलेलं उत्तर. तू म्हणालास, ‘अल्ला तुम्हांला बरकत देवो,’ आणि गेलास. मामाचं बोलणं मला आठवलं आणि मी घरापर्यंत नातेवाइकांची नावं मनात घेत चाललो, कोण गेलं म्हणून. शनिवारी हातगाडी आली. कॅबिनेट पुसून लख्ख केलेलं होतं, कुलूप घातलेलं, किल्ली दोऱ्यानं कडीला बांधलेली. आत काचेतून काढून नीट चौघडी केलेली माझी पारख, आणि तिच्याबरोबर तापमान मोजायचं एक छोटं यंत्र, शेवटचा आकडा अजून दाखवत असलेलं. गिरणीतून सुटल्यावर तू कुणाकडून तरी बोर्ड मागून आणलास, पहिल्या कॅबिनेटात बसवलास, बाजूचा पत्रा लावलास आणि एक तास बसलास, हे मला तेव्हा कळलं. कोण मेलं तेही कळलं. तेव्हा तलातू आली होती ते सोडलं तर या पत्रात तुला ठाऊक नाही असं काहीच नाही. तरी लिहिलं, कारण तू मोजून काढलंस आणि मी सांगितलं नाही, एवढं तरी राहू नये. माफी मागत नाही. जमलं तर गिरणीवरच्या कुणाबरोबर एक शिवी पाठव, कसलीही, जुनी चालेल. तू पाठवणार नाहीस. येत्या ईदला मी मालकासाठी कोला घेऊन बाजाराच्या मधोमध उभा राहीन, सगळ्यांसमोर, आणि या वेळी भांडणार नाही.

तुझाच गुलाम,
तांको